आठ मोटरींची ठोकळ्यांची गाडी: हर्णैच्या पडवीतला पाच महिन्यांचा अनुभव

प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या संचातून आम्ही घरी बांधलेली, पोराने बसून चालवायची ही गाडी चालते, हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की पैसे पाण्यात गेले. आमची सई तिच्यावर बसते, कासरा हातात धरते, बटण सरकवते आणि पडवीच्या या टोकाची त्या टोकाला जाते. पडवी नऊ मीटर लांब. लागतो पाऊण मिनिट. खोक्यावरच्या चित्रातल्या मुलाचे केस मागे उडालेत. ते पंख्याने उडवलेत, गाडीने नाही.

माझा धंदा बोटींच्या इंजिनांचा. हर्णै बंदराजवळ पत्र्याची शेड आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर घेतलेल्या असतात, इंजिनं खोलून पडलेली असतात आणि आम्ही मुंबईहून पार्ट यायची वाट बघत असतो. अशा रिकाम्या दुपारी हे प्रकरण घरात शिरलं. सई माझी पुतणी, सहावीत आहे. तिचा बाबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, जहाजावर असतो. तिने फोनवर त्याच्याकडून पैसे कबूल करून घेतले आणि मग मला सांगितलं, "काका, बाबा हो म्हणालाय, आता तू नाही म्हणू नकोस."

तिने काय बघितलं होतं, तर लेगोच्या ठोकळ्यांची खरीखुरी, बसून चालवायची बुगाटी, म्हणजे ती महागडी स्पोर्ट्सकार. २०१८ मध्ये कंपनीने ती बनवली. दहा लाखांवर तुकडे, दीड टन वजन, डिंकाचा थेंब नाही आणि वेग ताशी २० किलोमीटरच्या थोडा वर. पोरगी तुकडे मोजत होती, मी मोटरींपाशी अडकलो. २,३०४ मोटरी आणि सगळ्या मिळून साधारण ५.३ घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही स्कूटरला याहून जास्त घोडे असतात. दीड टनाला पाच घोडे म्हणजे भरलेल्या बोटीला दोन पोरांनी ढकलण्यासारखं. तरी ती चालली. कशी चालली याचा विचार करत मी त्या रात्री जागा होतो, हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. नंतर कळलं की त्या गाडीला चाकं खऱ्या बुगाटीची आहेत आणि आत लोखंडी सांगाडा आहे. तेव्हा जरा झोप लागली. २०२४ मध्ये त्यांनी मॅक्लारेन पी१ केली, तिच्यात ७६८ मोटरी, आणि फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर लँडो नॉरिसने ती इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर अख्खा फेरा चालवली. सईला तो माणूस पाठ आहे. मला त्या ७६८ मोटरींना एकाच दिशेला ओढायला लावणारा माणूस भेटला तर बरं होईल.

आमचा संच लेगोचा नाही. लेगोला जुळणारे ठोकळे बनवणाऱ्या एका दुसऱ्या कंपनीचा आहे. नाव टाकत नाही, कारण मला दाट संशय आहे की एकाच साच्यातला माल चार वेगवेगळ्या खोक्यांत भरून विकला जातो, मग एकाच खोक्याला शिव्या कशाला. किंमत १७,८०० रुपये. आत सुमारे ३,२०० तुकडे, आठ मोठ्या मोटरी, चार बॅटरीपेट्या, दोन बटणं आणि दीडशे पानांची पुस्तिका. "४० किलोपर्यंत वजन" असं बाहेर ठळक लिहिलेलं. घरपोच म्हणाले होते. कुरिअरवाल्याने दापोलीहून फोन केला की हर्णैला गाडी गुरुवारी येते, घाई असेल तर येऊन घेऊन जा. पावसात मोटारसायकलवर दोन खोकी प्लास्टिकच्या ताडपत्रीत बांधून आणली. घर कोकणात असेल तर "घरपोच" हा शब्द तालुक्यापर्यंतच धरायचा, याचे गुण मी कापत नाही.

आता माल.

ठोकळ्यांच्या या जगात सगळं आठ मिलिमीटरवर बेतलेलं आहे. एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाचा मध्य ८ मिमी. गिअरही त्याच मापाचे. ८ दात्यांचा आणि २४ दात्यांचा असे दोन गिअर एकमेकांत बसवले की त्यांच्या आसांमध्ये बरोबर १६ मिमी अंतर पडतं, म्हणजे दोन भोकं. ८ आणि ४० दाते घेतले तर २४ मिमी, तीन भोकं. ज्याने हे जमवलं त्याला माझा नमस्कार. मूळ लेगोच्या ठोकळ्याचं पेटंट जानेवारी १९५८ चं, डेन्मार्कमधलं, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आस, गिअर आणि भोकांच्या पट्ट्यांची त्यांची टेक्निक मालिका १९७७ पासूनची. इतकी वर्षं माप न हलवणं काय असतं, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. इथे त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलला मागच्याचं गॅस्केट बसत नाही.

तर १५ भोकांच्या पट्टीत पहिल्या भोकापासून पंधराव्यापर्यंत ११२ मिमी यायला हवेत. शेडमधला व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचाही दहावा भाग मोजणारी मोजपट्टी, घरी आणला. काळ्या पट्ट्या मोजल्या, ११२, ११२, ११२, एखादी १११.९. लाल पट्ट्या मोजल्या, १११.६, १११.५, पुन्हा १११.६. सई म्हणाली, "एवढ्याने काय होतं?" एवढ्याने होतं असं की गाडीची लांबी तीन पट्ट्यांची, त्यामुळे चूक सव्वा मिलिमीटरवर जाते. पुस्तिकेत डाव्या बाजूला काळ्या आणि उजव्या बाजूला लाल पट्ट्या लावायला सांगितल्यात, दिसायला छान म्हणून. म्हणजे डावी बाजू सरळ, उजवी आखूड, आणि मधून जाणारा प्रत्येक आस किंचित तिरपा. बोटीत इंजिनचं फाउंडेशन एका बाजूला बसलं की पंख्याकडे जाणाऱ्या शाफ्टचं सेंटर जातं, ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारं पॅकिंग, तापते, डिझेल जास्त जातं आणि तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, येऊन म्हणतो, "इंजिनात जोर नाही." जोर असतो. शाफ्टच खाऊन टाकतो.

म्हणून आम्ही रंगांचा नाद सोडला. वजन पेलणाऱ्या सगळ्या ठिकाणी काळ्या पट्ट्या, लाल फक्त वर शोभेला. मग परीक्षा अशी ठरवली की मोटर लावायच्या आधी गाडी उलटी करायची, चाकाला हाताने झटका द्यायचा, सोडल्यावर त्याने निदान दोन फेरे मारले पाहिजेत. लाल पट्ट्यांत अर्ध्या फेऱ्यात थांबत होतं. काळ्यांत अडीच झाले. हे काम कुठल्याही मोटरीने झालं नसतं, आणि खोक्यावर "८ शक्तिशाली मोटर" असं मोठ्या अक्षरांत आहे, पट्टीच्या मापाबद्दल किंवा आसाबद्दल एक अक्षर नाही. माझी मुख्य तक्रार हीच.

दुसरी तक्रार पुस्तिकेतल्या रचनेची. तिच्यात मागे प्रत्येक बाजूला एक लांब आस, त्यावर चार मोटरी एकत्र, आणि आसाच्या बाहेर आलेल्या टोकावर जोडचाक, ट्रकला असतं तसं. चाकाला आधार आतल्या बाजूने फक्त. आम्ही मुकाट्याने तसं केलं. सई बसली. तिचं वजन ३१ किलो, गाडीचं साडेसहा, म्हणजे खोक्यावरच्या चाळीसच्या आत. बटण सरकवलं. मोटरी घुमल्या, चाक हललं नाही, आणि मग "कर्र" असा आवाज आला, खोबरं किसताना शेवटी करवंटी लागते तसा. उतरवून बघितलं. या आसाचा छेद अधिकचिन्हासारखा असतो, चार धारा असतात, त्यामुळे पीळ डोळ्याला दिसतो. आमच्या आसाच्या चारही धारा पिळलेल्या पंचासारख्या गुंडाळत गेल्या होत्या, जवळजवळ पाव फेरा. उजव्या बाजूच्या छोट्या गिअरचे दोन दाते गुळगुळीत.

सई रडवेली झाली. मी मात्र, खरं सांगायचं तर, त्या क्षणी खूश झालो, कारण हे दुखणं माझ्या ओळखीचं निघालं.

चार मोटरींचा सगळा जोर एका प्लास्टिकच्या काडीतून न्यायचाच कशाला? आम्ही जोडचाकं सुटी केली. मागे चार चाकं, प्रत्येकाला स्वतःचा आखूड आस, प्रत्येकाला दोन मोटरी. चाकाच्या दोन्ही अंगांना पट्टी, म्हणजे आस दोन्हीकडून धरलेला, लोंबकळणारा नाही. आणि वेग कमी करणारी जोडी, ८ दात्यांवरून २४ वर, मोटरीजवळ न ठेवता अगदी चाकाशी. यात खुबी अशी की त्या जोडीच्या आधीच्या आसांना तिप्पट कमी पीळ सोसावा लागतो. पीळ वाढतो तो शेवटच्या चार सेंटिमीटरमध्ये, आणि तिथे आस आखूड असल्याने तो वळायला जागाच नाही. त्या दिवसापासून आस बदलावा लागला नाही. दोन्ही बाजूंच्या मोटरी एकमेकींना जोडलेल्या नसल्याने वळताना बाहेरची चाकं आपोआप जास्त फिरतात, मोटारीत त्यासाठी जो डिफरन्शियल गिअर लागतो त्याचं लफडं नाही.

सांगाड्याचं श्रेय शेजारच्या भाऊंना. ते गवंडी, चिऱ्याचं काम करतात. पावसाळ्यात तेही मोकळेच, येऊन ओटीवर बसायचे. ठोकळ्यावर ठोकळा रचत गेलो की उभं वजन छान पेलतं, पण गाडी हिसका खाल्ली की थर सुटतात. भाऊ म्हणाले, "सांध्यावर सांधा आणलायस तू. चिऱ्याच्या भिंतीत आम्ही असं करू का?" मग सांधे एकावर एक येऊ दिले नाहीत, थोडा फरक पडला. खरा उपाय पुस्तिकेच्या एका कोपऱ्यात होता, पण तो नीट समजावलेला नाही, म्हणून इथे लिहितो. ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, पातळ चकतीची ३.२. दोन भोकांच्या ठोकळ्यांमध्ये दोन चकत्या घातल्या की वरच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत ९.६ अधिक ६.४, म्हणजे बरोबर १६ मिमी. दोन भोकांचं अंतर! मग बाहेरून उभी पट्टी लावून पिनांनी दोन्ही थर कुलूपबंद करता येतात. असे बारा ठिकाणी केल्यावर मी सांगाडा दोन हातांनी पिळून बघितला, हलला नाही. भाऊ नुसते "हं" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ.

बसायला पुस्तिकेत ठोकळ्यांचीच खुर्ची आहे. ती आम्ही केली नाही. आईचा जुना फणसाचा पाट ठेवला. वजन चारी कोपऱ्यांवर सारखं पडतं आणि बुडाला ठोकळ्यांचे दाणे टोचत नाहीत. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडावीत. बुगाटीला लोखंडी सांगाडा चालतो, तर आमच्या गाडीला फणस चालेल.

पुढची दोन चाकं मोटरीविना, मोठ्या फिरत्या चकतीवर. ती वळवायला सईने सुंभाची दोरी बांधली. तिला रिमोट नको होता, तिला बैलगाडी हवी होती. ज्यांनी आमच्याकडे संध्याकाळचा लिलाव बघितलाय त्यांना कळेल. समोर सुवर्णदुर्ग, बोटी आत पाण्यात उभ्या, आणि बैलगाड्या चाकाच्या वर पाणी येईपर्यंत जाऊन मासळी घेऊन किनाऱ्याला येतात. ते गाडीवान कासरा कसा सैल धरतात हे तिने बघून ठेवलंय. सैल धरते, बरोबर धरते.

वेगाबद्दल तक्रार करणाऱ्यांसाठी हिशेब. अशा मोठ्या मोटरी, मूळ लेगोच्या एक्सएल नावाच्या मोटरीसारख्या, ९ व्होल्टवर रिकाम्या फिरल्या तर मिनिटाला साधारण २२० फेरे देतात. वजन पडलं की दीडशेच्या खाली. तिनाने भागा, पन्नासच्या आत. चाकाचा व्यास ८२ मिमी, एका फेऱ्याला पाव मीटर. म्हणजे मिनिटाला बारा मीटर, बस्स. जास्त वेग हवा तर गिअर काढा, मग माणूस उतरवा. दोन्ही मिळणार नाही.

आता माझी चूक. प्रत्येक बॅटरीपेटीत सहा पेन्सिल सेल, चार पेट्यांत चोवीस. साधे सेल घातले तर ९ व्होल्ट मिळतात, पण ते एका दुपारात संपतात आणि दुकानदार तुम्हाला नावाने ओळखायला लागतो. चार्जिंगचे घातले तर १.२ गुणिले सहा, ७.२ व्होल्टच, पाऊण मिनिटाचं एक मिनिट होतं. मला वाटलं, शेडमध्ये बोटीची १२ व्होल्टची बॅटरी पडलीय, तिच्यावर लावू. सई शाळेत होती. पहिली दोन मिनिटं गाडी अशी पळाली की मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. तिसऱ्या मिनिटाला पडवीत जळक्या वार्निशचा वास. एक मोटर कायमची गेली. नऊच्या मोटरीला बारा दिले, फ्यूज लावला नाही. बाकी लोकांना मी हेच करू नका म्हणून पैसे घेऊन सांगतो. दोष संचाचा नाही, तारे कापायचे तर माझे कापा. सुटी मोटर १,१५० रुपयांना मिळाली, आणि ती मात्र चार दिवसांत आली, तीही पुन्हा दापोलीपर्यंतच.

बॅटरीपेट्यांचा दोष मात्र त्यांचाच. आतल्या स्प्रिंगांना मुलामा इतका पातळ की ऑगस्ट संपेपर्यंत चारपैकी तिघींच्या स्प्रिंगांवर हिरवा थर. खाऱ्या हवेत हे व्हायचंच, पण तीन महिन्यांत? बटाट्याच्या सालीएवढा पत्रा टाकला असता तरी चाललं असतं. आता सेल काढून ठेवतो, स्प्रिंगांना बोट फिरवून व्हॅसलीन लावतो आणि पेट्या पोह्यांच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हे करावं.

पुळणीवर नेऊ नका. आम्ही दसऱ्याला नेली. चार हात गेली, रुतली. रुतण्याचं काही नाही, ओढून काढली. पण ओली रेती गिअरांत गेली आणि घरी आणून सगळं खोलून साबणाच्या पाण्यात धुवायला दोन संध्याकाळी गेल्या. एका आसाभोवती काळी पूड जमली होती, भोक घासून मोठं झालं होतं. ती पट्टी फेकली. खळ्यात, सारवलेल्या जमिनीवर, गाडी चालते पण पडवीच्या कोब्याइतकी नाही, निम्म्या वेगाने. जांभ्याची लाल धूळ रेतीइतकी वाईट नाही, ब्रशने निघते.

दर्जात मोटरींना मी पैकीच्या पैकी देतो. सात मोटरी पाच महिने चालल्यात, आवाज तोच आहे, आठवी मीच मारली. काळ्या पट्ट्या, पिना चांगल्या. लाल पट्ट्या, स्प्रिंगा आणि पुस्तिका या तीन गोष्टींना मिळून पाचपैकी एक. ज्यांच्या घरात व्हर्नियर नाही किंवा खोलून पुन्हा बसवायची हौस नाही, त्यांनी हा संच घेऊ नये, कारण पुस्तिकेप्रमाणे बांधला तर तो चाळीस किलो तर सोडाच, पंचवीस किलोलाही आस पिळून घेईल. ज्यांना ती हौस आहे, त्यांना १७,८०० मध्ये तीन-चार महिन्यांचा खेळ आहे आणि पोर अपूर्णांक न रडता शिकतं.

लाल पट्ट्यांबद्दल मी कंपनीला मापांसकट मेल केला होता, व्हर्नियरचे फोटो जोडून. अकरा दिवसांनी उत्तर आलं. "आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद," आणि खाली याच संचावर दहा टक्के सवलतीचं कूपन. मी ते सईला हसायला म्हणून दाखवलं. तिने कागदावर उतरवून फ्रीजवर चिकटवलंय आणि बाजूला लिहिलंय: आजी ४४ किलो, मोटरी १२. मुदत १५ डिसेंबरची आहे.